अंगावर पिणाऱ्या बाळाचं ‘ड’ जीवनसत्त्व: थेंब, ऊन आणि आईचा हिशेब

पहिल्या सहा महिन्यांत बाळाला जे काही लागतं ते जवळजवळ सगळं आईच्या दुधात असतं. ‘ड’ जीवनसत्त्व मात्र नावापुरतं असतं, लिटरमागे साधारण १० ते ८० आययू (इंटरनॅशनल युनिट, जीवनसत्त्व मोजायचं एकक). बाळ दिवसाला पाऊण लिटर दूध प्यायलं तरी फार तर ६० आययू पोटात जातात, आणि गरज असते रोज ४०० आययूची. ही तूट भरून काढायला इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स ही बालरोगतज्ज्ञांची संघटना प्रत्येक बाळाला वर्षभर रोज ४०० आययू द्यायला सांगते. यात आईच्या दुधाचा काही दोष नाही आणि वरचं दूध सुरू करायचं तर हे मुळीच कारण नाही. माणसाने हे जीवनसत्त्व कातडीवर पडणाऱ्या उन्हातून मिळवावं अशीच शरीराची रचना आहे, आणि तान्ह्या बाळाला तसं ऊन देता येत नाही.

जन्माच्या वेळी बाळाकडे थोडी शिल्लक असते, तीही आईकडून आलेली. नाळेच्या रक्तातली पातळी आईच्या पातळीच्या ५० ते ८० टक्के असते आणि पुढच्या दोनेक महिन्यांत ती संपत येते. आईचीच पातळी कमी असेल तर शिल्लक जवळपास नसतेच. म्हणून ‘दोन महिन्यांचं झाल्यावर बघू’ असं करू नका. पहिल्या आठवड्यातच, दूध नीट पिऊ लागल्यावर थेंब सुरू करायचे. इस्पितळातून घरी सोडताना कागदावर हे लिहिलेलं नसेल तर निघण्याआधी विचारून घ्या. गर्दीच्या दिवशी राहून जाणारी ही नेहमीची गोष्ट आहे.

घरातली जाणती माणसं विचारतात, सहा महिने नुसतं आईचं दूध द्यायचं ना, मग हे कशाला? जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘निव्वळ स्तनपान’ या व्याख्येत जीवनसत्त्वांचे आणि औषधांचे थेंब बसतात. गुटी, मध, ग्राइप वॉटर बसत नाहीत. तेव्हा पथ्य पाळायचंच असेल तर ते गुटीचं पाळावं.

वेळेआधी किंवा कमी वजनाच्या जन्मलेल्या बाळाची मात्रा वेगळी असते, ४०० पासून १००० पर्यंत. ती नवजात विभागातले डॉक्टर ठरवतील आणि वजनाप्रमाणे बदलतील. डब्याचं दूध घेणाऱ्या बाळांचंही विचारलं जातं. त्या दुधात ‘ड’ घातलेलं असतं, पण दिवसाला साधारण लिटरभर पोटात गेलं तरच ४०० चा हिशेब पुरा होतो. थोडं अंगावर, थोडं डब्याचं असं चालू असेल तर थेंब चालूच ठेवायचे.

बाटली वाचायची कशी

चुका होतात त्या इथे, म्हणून हा भाग सावकाश वाचा.

फार्मसीत बाळांसाठी मिळणारे थेंब बहुतेक दोन तीव्रतांचे असतात. एकात १ मिलीला ४०० आययू, दुसऱ्यात १ मिलीला ८००. खोके दिसायला सारखेच, कधी एकाच कंपनीचे. पहिल्यातलं १ मिली द्यायचं, दुसऱ्यातलं अर्धा मिली. डॉक्टरांनी ‘१ मिली’ लिहिलं आणि फार्मसीवाल्याने ८०० वाली बाटली दिली, की बाळाला रोज दुप्पट जातं. उलट झालं तर निम्मंच जातं आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. लेबलवर ‘प्रत्येक मिलीत’ या शब्दांपुढे ‘कोलेकॅल्सिफेरॉल’ (म्हणजे ‘ड-३’ जीवनसत्त्व) आणि आकडा असतो, तो बघायचा. कधी आययूऐवजी मायक्रोग्रॅम छापलेलं असतं. १ मायक्रोग्रॅम म्हणजे ४० आययू, म्हणजे ४०० आययूचे १० मायक्रोग्रॅम झाले. प्रत्येक नवी बाटली आणली की हे पुन्हा वाचा, मागची होती तीच आहे असं धरून चालू नका.

दुसरी चूक खास आपल्याकडची. गोव्यात घरटी कोणीतरी आखातात, इंग्लंडात नाहीतर पोर्तुगालात असतो, आणि बाळ झाल्याचं कळलं की तिथून बाटली येते. बाहेरच्या कित्येक बाटल्यांत एका थेंबातच ४०० किंवा २०० आययू असतात. इथल्या सवयीने तिचा १ मिली भरून दिला तर पंचवीस-तीस थेंब जातात, म्हणजे ४०० वाल्या बाटलीतून एका वेळी १०,००० आययूच्या वर. रोज असं चाललं तर काही आठवड्यांत विषबाधा होते. बाहेरची बाटली वापरायचीच असेल तर ती उघडण्याआधी डॉक्टरांना दाखवा, आणि सोबत आलेला ड्रॉपर सोडून दुसरा कुठलाही तिला लावू नका. खरं सांगायचं तर इथली साधी ४०० वाली बाटलीच बरी. पुढची बाटली नाक्यावरच्या फार्मसीत मिळते आणि मात्रा बदलत नाही.

तिसरी चूक सगळ्यांत वाईट. मोठ्यांसाठी ६०,००० आययूची पुडी, कॅप्सूल किंवा पाच मिलीची छोटी कुपी येते, आठवड्यातून किंवा महिन्यातून एकदा घ्यायची. आईला ती लिहून दिलेली असते आणि बाळाच्या औषधांशेजारी ठेवलेली असते. कुपीतलं औषध पातळ आणि गोड असल्याने बाळाचंच वाटतं. एक कुपी म्हणजे बाळाचे १५० दिवसांचे थेंब एका दमात. आईची औषधं दुसऱ्या कपाटात ठेवा, शेजारच्या खणात नको. चुकून कुपी दिली गेलीच तर बाळ हसत-खेळत असलं तरी त्याच दिवशी इस्पितळात न्या, आणि रिकामी कुपी बरोबर घ्या.

मल्टिव्हिटॅमिनच्या थेंबांतही ‘ड’ असतं, बाळाच्या कॅल्शियमच्या सिरपमध्येही बऱ्याचदा असतं. एका डॉक्टरांनी एक दिलं, दुसऱ्यांनी दुसरं, असं झालं की बेरीज कोणीच करत नाही. सगळ्या बाटल्या टेबलावर मांडून प्रत्येकीतलं ‘ड’ कागदावर लिहा. पहिल्या सहा महिन्यांत सगळं मिळून दिवसाला १००० च्या वर आणि सहा ते बारा महिन्यांत १५०० च्या वर, डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय जाऊ नये. निरोगी, पूर्ण दिवसांच्या, अंगावर पिणाऱ्या बाळाला सहसा कॅल्शियम सिरप लागत नाही. आईच्या दुधात कॅल्शियम पुरेसं असतं.

आणखी एक घोटाळा नवव्या महिन्यातला. लसीकरणाला गेलं की चमच्याने एक गोड औषध पाजतात आणि घरी येऊन आई म्हणते, ‘व्हिटॅमिन दिलं, आता थेंब नकोत.’ ते ‘अ’ जीवनसत्त्व असतं, १ मिलीत एक लाख आययू, डोळ्यांसाठी आणि संसर्ग रोखण्यासाठी. ‘ड’शी त्याचा संबंध नाही, थेंब चालूच ठेवायचे.

थेंब द्यायचे कसे

हात धुवा. लेबलवर हलवायला सांगितलं असेल तर बाटली हलवा. ड्रॉपर औषधात बुडवून रबर दाबा आणि हळूहळू सोडा. नळी डोळ्यांच्या पातळीला धरून बघा: खूण गाठलेली दिसते, पण टोकाशी हवेचा बुडबुडा असतो आणि औषध तेवढं कमी भरतं. बुडबुडा बाहेर ढकलून पुन्हा भरा. बाळाला मांडीवर अर्धवट बसतं धरा, ड्रॉपरचं टोक गालाच्या आतल्या बाजूला ठेवा आणि चारपाच वेळा थोडं थोडं सोडा. जिभेच्या मागे, घशाकडे पिचकारी मारली की ठसका लागतो. ड्रॉपर तोंडाला लागला तर गरम पाण्याने धुऊन, पूर्ण सुकवूनच बाटलीत घाला. आपल्या दमट हवेत ओला ड्रॉपर बाटलीत गेला की औषध लवकर खराब होतं.

हे जीवनसत्त्व चरबीत विरघळतं, म्हणून पाजण्याच्या जरा आधी किंवा नंतर दिलेलं चांगलं. नोकरीवर जाणाऱ्या आईचं दूध काढून वाटी-चमच्याने देत असाल तर पहिल्या चमचाभर दुधात थेंब घाला आणि तेवढं आधी पाजा. पूर्ण वाटीत मिसळले आणि बाळाने निम्मं सोडलं तर किती गेलं ते कळणार नाही.

वेळ ठरवून टाका, बहुतेक घरांत आंघोळीनंतरची जमते. आणि देणारं माणूस एकच असू द्या. आई झोपलेली असताना आजी देते, मग उठल्यावर आई देते, असं रोज होत असतं. कालनिर्णयावर त्या दिवसाच्या चौकोनात टिंब काढलं की वाद मिटतो, आणि बाळंतीण माहेरून सासरी जाते तेव्हा बाटलीबरोबर ते पानही जाऊ द्या. एक दिवस चुकला तर चुकला, दुसऱ्या दिवशी दुप्पट देऊ नका. बाळाने उलटी केली तरी पुन्हा देऊ नका, एका दिवसाने फरक पडत नाही.

बाटली उन्हात, खिडकीत किंवा चुलीजवळ ठेवू नका. उघडल्याची तारीख लेबलवर पेनाने लिहा. ४०० वाल्या औषधाची १५ मिलीची बाटली पंधरा दिवसांत संपली पाहिजे. महिना झाला तरी निम्मी उरली असेल तर मात्रा कुठेतरी चुकते आहे.

गोव्याच्या उन्हाचं काय

‘एवढं ऊन असताना कमतरता कशाला होईल’ हा प्रश्न रास्त आहे. उत्तर वेळेत आहे. कातडीत ‘ड’ तयार करणारे अतिनील-ब किरण सूर्य वर चढल्यावरच जमिनीपर्यंत पुरेसे पोचतात. सूर्य तिरका असला की ते वाटेतच शोषले जातात. आपली घड्याळं साडेब्याऐंशी अंश रेखांशाच्या वेळेवर चालतात आणि गोवा आहे ७४ अंशांच्या आसपास, म्हणून इथे सूर्य माथ्यावर येतो तो साडेबाराच्या सुमाराला. घड्याळात सकाळचे आठ वाजतात तेव्हा सूर्याच्या हिशेबाने जेमतेम साडेसात झालेले असतात. बाळाला आवेल (खोबरेल) तेल चोळून ज्या कोवळ्या उन्हात धरतात, त्यात ऊब असते, ‘ड’ नगण्य. तेलातही ते नसतं. मालीश जरूर करा, त्याचे फायदे वेगळे आहेत.

ओळखायची सोपी खूण म्हणजे सावली. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल तेव्हाच्या उन्हाला अर्थ आहे. गोव्यात एप्रिलमध्ये असं ऊन साडेनऊ ते साडेतीन मिळतं, डिसेंबरात मात्र साधारण अकरा ते दोन एवढंच. नेमकं हेच ऊन तान्ह्या बाळाच्या पातळ कातडीला भाजतं आणि त्याच्या अंगातलं पाणी काढतं. म्हणून सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला त्यात ठेवायचं नाही. कामाचं ऊन बाळाला सोसत नाही आणि सोसणारं ऊन कामाचं नाही, म्हणून थेंब. काचेच्या खिडकीआडून बसवणंही फुकट, कारण काच हे किरण अडवते. बल्कावात, म्हणजे दारापुढच्या छपराखालच्या ओसरीत, बसणं म्हणजे तर सावलीतच बसणं.

जूनपासून सप्टेंबरपर्यंत आकाश भरलेलं असतं, तेव्हा आईलाही उन्हाचा भरवसा नाही. मे अखेरीला बाळंत झालेल्या बाईचा सव्वा महिना खोलीत जातो आणि ती बाहेर येते तेव्हा बाहेर धो धो पाऊस. अशा बाळांचे थेंब चुकू देऊ नका.

आईचं खातं वेगळं

बाळाला थेंब दिले म्हणून आईचं भागत नाही. तिची स्वतःची गरज रोज ६०० आययूची. आरोग्य केंद्रातून गरोदरपणी मिळणाऱ्या कॅल्शियमच्या गोळीत ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि २५० आययू ‘ड’ असतं. दिवसाला दोन, चौथ्या महिन्यापासून ते बाळंतपणानंतर सहा महिन्यांपर्यंत, असा सरकारी कार्यक्रम आहे. त्यातून रोज ५०० आययू मिळतात. बहुतेक बायका बाळंत झाल्या की गोळ्या बंद करतात, आणि शिल्लक पाकीट कपाटात राहतं. उपकेंद्रातल्या परिचारिकेकडे मागून त्या चालू ठेवा. जेवणाबरोबर घ्या, आणि लोहाच्या गोळीपासून दोन तासांचं अंतर ठेवा, एकत्र घेतल्या तर लोह नीट शोषलं जात नाही.

जेवणातून सगळं मिळणं कठीण, पण तारले आणि बांगड्यासारखं तेलकट नुस्तं (मासे) मदत करतं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, त्यापाठोपाठ श्रावण, त्यामुळे ऊन नसतं त्याच महिन्यांत ताटातलं नुस्तंही जातं. बाळंतिणीला नुस्तं वर्ज्य करायला वैद्यकीय कारण नाही, फक्त ताजं आणि नीट शिजवलेलं हवं. अंड्याच्या एका बलकात ४० आययूच्या आसपास असतात. शाकाहारी घरांनी दुधाच्या पिशवीवर ‘+F’ची (अधिक एफ) निळी चौकोनी खूण बघावी, तशा दुधात लिटरमागे २०० ते ३०० आययू घातलेले असतात. कोलेकॅल्सिफेरॉल बहुधा मेंढीच्या लोकरीतल्या चरबीपासून काढतात. ते चालत नसेल तर यीस्टपासून केलेलं ‘ड-२’ मागता येतं.

आईने ऊन घ्यायचं ते अकरा ते दोनमध्ये, कोपरापर्यंतचे हात आणि पोटऱ्या उघड्या ठेवून, आठवड्यातून तीन-चार वेळा पंधरा-वीस मिनिटं. गच्चीवर कपडे वाळत घालायचं काम यासाठी नामी आहे. सावळ्या कातडीला जास्त वेळ लागतो. कातडी लाल होईपर्यंत थांबू नका, एका मर्यादेनंतर ‘ड’ वाढत नाही, फक्त भाजतं. बाळ तेवढा वेळ घरात.

आईनेच भरपूर घेतलं तर दुधातून बाळाला मिळणार नाही का? मिळतं, पण मात्रा फार मोठी लागते. अमेरिकेतल्या एका चाचणीत, जी २०१५ साली प्रसिद्ध झाली, आईने रोज ६४०० आययू घेतल्यावर बाळाची पातळी थेट ४०० आययू दिलेल्या बाळांइतकी राहिली. २४०० आययू घेणाऱ्या आयांच्या बाळांना ते पुरलं नाही आणि तो गट मध्येच थांबवावा लागला. मोठ्या माणसाने स्वतःच्या मनाने घ्यायची कमाल मर्यादा ४००० आहे, म्हणून ६४०० चा मार्ग डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय धरू नये. आठवड्याच्या ६०,००० च्या पुडीवर बाळाचा हिशेब बसवता येत नाही. दुधात उतरतं ते मूळ रूपातलं ‘ड’, आणि ते रक्तातून दिवसा-दोन दिवसांत ओसरतं. पुडी आईची तूट भरायला चांगली, बाळाला मात्र एक-दोन दिवस पूर आणि उरलेले दिवस कोरडे. सगळ्यांत सरळ उपाय बाळाला थेंब, हाच.

तपासणी

धडधाकट बाळाची तपासणी करायची गरज नाही, थेंब द्यायचेच आहेत. बाळ वेळेआधी जन्मलेलं असेल, आधीच्या भावंडाला मुडदूस (‘ड’ कमी पडून हाडं मऊ होण्याचा आजार) झाला असेल, आई फिट्सची औषधं घेत असेल, यकृत, मूत्रपिंड किंवा आतड्याचा आजार असेल, किंवा खाली दिलेली लक्षणं दिसत असतील तर डॉक्टर करायला सांगतील. तपासणी ‘२५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी’ची. ‘१,२५’ नावाची वेगळी आणि महाग तपासणी असते, कमतरता असतानाही ती सामान्य येऊ शकते. रिपोर्टवर एकक बघा: नॅनोग्रॅममधला आकडा अडीचने गुणला की नॅनोमोल होतो. मुलांमध्ये १२ नॅनोग्रॅमच्या खाली कमतरता, १२ ते २० अपुरं, २० च्या वर पुरेसं. मोठ्यांच्या निकषाने ३० च्या खाली लाल अक्षरात छापतात, त्यामुळे २४ आलेल्या बाळाचे आईवडील घाबरतात. हाडांच्या वाढीशी जोडलेल्या अल्कलाइन फॉस्फटेज या रक्तातल्या घटकाचंही तसंच, वाढत्या बाळाचं ते मोठ्यांपेक्षा जास्तच असतं.

काय दिसलं तर धावायचं

ताप नसताना आलेली फिट, हातापायांचे झटके, अंग ताठणं, किंवा श्वास आत घेताना घरघर आवाज, ही रक्तातलं कॅल्शियम एकदम उतरल्याची खूण असू शकते. पहिल्या काही महिन्यांत हाडं वाकायच्या आधी कमतरता अशीच प्रकटते. १०८ ला फोन करा. कांदा हुंगवत किंवा दृष्ट काढत वेळ घालवू नका.

सावकाश दिसणाऱ्या खुणा: कानामागे डोक्याचं हाड पिंगपाँगच्या चेंडूसारखं दबणं (पहिल्या तीन महिन्यांत हे निरोगी बाळातही सापडतं, नंतर टिकलं तर दाखवा), मनगटं रुंद दिसणं, छातीच्या फासळ्यांवर मण्यांसारख्या गाठी लागणं, टाळू भरायला आणि दात यायला फार उशीर, चालू लागल्यावर पाय बाहेर वाकणं. मुडदूस ठरला तर उपचाराची मात्रा प्रतिबंधाच्या मात्रेपेक्षा मोठी असते, लहान बाळांत बहुधा रोज २००० आययू तीन महिने, सोबत कॅल्शियम. ती डॉक्टरच लिहितील. घरच्या बाटलीतून पाचपट थेंब देऊन स्वतः सुरू करायची नाही.

जास्त झाल्याची लक्षणं उलट्या, दूध नको म्हणणं, बद्धकोष्ठ, सारखी लघवी, वजन उतरणं, सुस्ती. थेंब लगेच थांबवा आणि रक्तातलं कॅल्शियम तपासायला न्या. उशीर झाला तर मूत्रपिंडात कॅल्शियम साचतं.

सहा महिन्यांनंतर वरचं अन्न सुरू झालं तरी थेंब वर्षापर्यंत तसेच. नाचणीच्या सत्त्वाने कॅल्शियम भरपूर मिळतं, ‘ड’ मिळत नाही. वर्षानंतर गरज ६०० आययूची होते, ती उन्हात खेळणं, अंडं, नुस्तं आणि ‘ड’ घातलेलं दूध यांतून भागवायची. पहिला वाढदिवस पावसाळ्याच्या तोंडावर येत असेल तर ऑक्टोबर उजाडेपर्यंत थेंब चालू ठेवायचे का, हे वर्षाच्या तपासणीलाच डॉक्टरांना विचारून घ्या.